आपले कोणते? : अडगावच्या लढाईची इंचभर फौज

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नातू अमरावतीहून अकोल्याला आला, तेव्हा माझ्या टेबलावर दोनशेच्या वर शिपाई वाळत उभे होते. एकेक जण इंचाहून जरासा उंच. काहींचे डगले रंगवून झाले होते, काहींना अजून चेहरेच नव्हते. नातवाने टेबलाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि विचारले, ''आबाजी, याच्यातले आपले कोणते?''

उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. टेबलावर इंग्रज होते, मद्रासी शिपाई होते, अरब होते, भोसल्यांचे पलटणवाले होते, शिंद्यांचे स्वार होते. लढाई आमच्याच जिल्ह्यात झालेली. तरी 'हे आपले' म्हणून बोट ठेवावे अशी एक रांग मला सांगता येईना. त्या एका प्रश्नापायी पुढची दोन वर्षे मी रंग आणि कागद या दोन्हींत घालवली. हा लेख त्या दोन वर्षांचा हिशेब आहे.

आधी छंदाविषयी थोडे, कारण पुष्कळ वाचकांना तो नवा असेल.

पटावरची फौज

दिवाळीतला मातीचा किल्ला आपल्याला परका नाही. पुणे, सातारा, कोल्हापूर हे त्याचे खरे घर. पण नागपुरात आणि आमच्याकडेही पोरे दगड-माती रचून किल्ला करतात, वर अळीव नाही तर मोहरी पेरतात आणि बाजारातून आणलेले मावळे उभे करतात. या मावळ्यांचे प्रमाण मोठे गमतीचे असते. मावळा बुरुजापेक्षा उंच, तोफ मावळ्याएवढी आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्या गडाहून मोठे. जुन्या चित्रांतही राजा मोठा आणि सेवक लहान काढीत. मुलांच्या किल्ल्यात तीच रीत चालत आली आहे.

युरोप-अमेरिकेतला छंद याच जातीचा, पण तिथे प्रमाणाला फार मान. शिपाई २८ मिलिमीटरचा ठरला की घोडा, तोफ, झाड, घर सगळे त्याच मापाचे. शिपाई जस्त-कथलासारख्या धातूचे किंवा प्लॅस्टिकचे, बिनरंगी मिळतात. विकत घेणारा ते स्वतः रंगवतो, पाच-सहा फूट लांब टेबलावर डोंगर, नदी, शेते मांडतो आणि फुटपट्टी व फासे घेऊन समोरच्या गड्याशी लढतो. पायदळाने एका चालीत किती इंच जायचे, तोफेचा पल्ला किती, फाशावर किती पडले म्हणजे किती शिपाई उचलायचे, हे सगळे नियमांच्या पुस्तकात असते.

या खेळाचा पणजोबा म्हणजे आपले बुद्धिबळ. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही चतुरंग सेना भारतातून इराणमार्गे युरोपात गेली. १७८० मध्ये हेलविग नावाच्या जर्मन गृहस्थाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर नद्या, डोंगर आणि तोफा आणल्या. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला राइसविट्झने युद्धखेळाचे एक टेबल नजर केले आणि १८२४ मध्ये त्याच्या मुलाने नकाशावर खेळण्याचे नियम छापले. प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांना ते शिकवले जाऊ लागले. लष्कराची ही विद्या दिवाणखान्यात आणली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने. त्याचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ मध्ये निघाले. जमिनीवर पालथे पडून खेळण्यातल्या तोफेने शिपाई पाडायचे, असा तो खेळ. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले.

आज या छंदाच्या दोन शाखा आहेत. एक ऐतिहासिक: वॉटर्लू, प्लासी, असई. दुसरी कल्पित: राक्षस, बुटके, जादूगार. १९८३ मध्ये इंग्लंडात निघालेला 'वॉरहॅमर' हा दुसऱ्या शाखेतला सर्वांत गाजलेला खेळ. माझ्या नातवाचा ओढा तिकडे. राक्षसाला हिरवा रंग दिला काय नि जांभळा दिला काय, हे चुकले म्हणून कोणी म्हणत नाही. ऐतिहासिक शाखेतली माणसे मात्र हटवादी. कॉलरचा रंग चुकला तर झोप न येणारे. त्यांना त्यांचेच लोक 'गुंड्या मोजणारे' म्हणून चिडवतात. मी छत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. गुंड्या मोजणे माझ्या रक्तातच आहे.

माझ्या हाती हा छंद आला तो इंग्लंडात राहणाऱ्या भाच्यामुळे. निवृत्तीनंतर मी रिकामा बसू नये म्हणून त्याने शिपायांची चार खोकी आणून दिली. खोक्यांवर नाव होते असईच्या लढाईचे. ''मामा, तिकडच्या लोकांना तुमचा गाविलगडसुद्धा माहीत आहे,'' तो म्हणाला. मला खरे वाटले नाही. पण बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी अडगाव आणि गाविलगडाच्या लढायांवरच आहे, आणि ती वाचून तिकडे कित्येकांनी आपापल्या टेबलावर गाविलगड उभा केला आहे. चिखलदऱ्याला सहलीला जाणारी आमची मंडळी मात्र गडाच्या दरवाजासमोर फोटो काढून भजी खायला वळतात. मीही त्यांतलाच एक होतो.

अडगाव, २९ नोव्हेंबर १८०३

अकोल्याच्या उत्तरेला, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या बाजूला अडगाव आहे. इंग्रजी कागदांत त्याचे 'आरगॉम' झाले.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना तो तह मान्य नव्हता. युद्ध पेटले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. असईनंतर दोन महिन्यांनी तो आणि कर्नल स्टीव्हन्सन वऱ्हाडात उतरले. अडगावच्या मैदानात त्यांच्यासमोर दुसऱ्या रघुजी भोसल्यांचा भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, पायदळ आणि तोफा घेऊन उभा होता. सोबत शिंद्यांचे घोडदळ होते.

वेलस्लीचा त्या दिवशी लढण्याचा विचार नव्हता. फौज उन्हातून लांबची मजल मारून आली होती. एका गावच्या बुरुजावर चढून पाहताना सिरसोलीच्या पलीकडे त्याला शत्रूचा घोळका दिसला, आणि दिवस कलता कलता त्याने लढाई घेतली. सिरसोली गाव ओलांडून पलटणी मोकळ्या मैदानात येत होत्या, तोच भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि देशी शिपायांच्या तीन पलटणी उधळल्या. असईला याच पलटणी छातीठोक लढल्या होत्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना गावाच्या आडोशाला जमवून पुन्हा पुढे आणले. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने नंतर पत्रात लिहिले आहे.

फळी सावरल्यावर इंग्रजांचे पायदळ एका रांगेत पुढे सरकले. मोठ्या संख्येने आलेली एक तुकडी ७४ आणि ७८ क्रमांकांच्या गोऱ्या पलटणींवर तुटून पडली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. वेलस्लीने त्यांना इराणी म्हटले आहे, इतरांनी अरब. दुसऱ्या टोकाला शिंद्यांच्या स्वारांनी देशी पायदळाच्या एका पलटणीवर हल्ला केला. तो परतवला गेला. मग भोसल्यांची फळी मोडली. ३८ तोफा मैदानात राहिल्या. पळणाऱ्यांचा पाठलाग रात्री चांदण्यात चालू होता.

पंधरा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तो इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला नाही, निजामाला दिला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडे राहिले.

रंगाची बाटली काय सांगते

एक शिपाई रंगवायला मला सरासरी दीड तास लागतो. कृती अशी. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचा, कारण साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. मग पातळ अस्तर. त्यावर मूळ रंगाचा सपाट हात. मग पाण्यासारखा पातळ केलेला गडद तपकिरी रंग सगळ्यावर सोडायचा. तो चुण्यांत, पट्ट्यांखाली जाऊन बसतो. शेवटी उंच भागांवर फिकट रंगाची टोके. खऱ्या माणसावर उजेड आपोआप सावली पाडतो. इंचभर माणसावर ती पडत नाही, रंगवून द्यावी लागते. ब्रश ट्रिपल झीरोचा. डोळे काढायचे झाले तर श्वास रोखून. अकोल्याच्या उन्हाळ्यात पॅलेटवरचा रंग ब्रश बुडवीपर्यंत वाळतो, म्हणून मी डब्याच्या झाकणात ओले फडके घालतो, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. मे महिन्यातही तासभर ओला राहतो.

प्रमाण मी एकास पन्नास धरले. इंग्रजांच्या बाजूचे सुमारे अकरा हजार सैनिक म्हणजे २२० बाहुल्या. मित्रांचे घोडेस्वार त्यांखेरीज.

काम सुरू करताना मी लाल आणि 'स्किन' असे दोन रंग भरपूर आणले. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात 'स्किन' म्हणून मिळतो तो रंग गुलाबी असतो, हे चित्रकलेच्या प्रत्येक मास्तराला ठाऊक आहे. वर्गात कित्येक पिढ्यांची सावळी पोरे आपल्या आईचा चेहरा त्या गुलाबी खडूने रंगवताना मी पाहिली आहेत. इंग्रजांची फौज, तर गुलाबी लागणारच, असा माझा हिशेब.

यादी करायला बसलो तेव्हा हिशेब उलटा झाला. अडगावला गोऱ्यांच्या पायदळाच्या तीनच पलटणी होत्या: ७४, ७८ आणि ९४, तिन्ही स्कॉटिश. गोऱ्या घोडदळाची एक, १९ क्रमांकाची. थोडे गोलंदाज. बाकी सारी फळी मद्रासच्या देशी पायदळाची आणि देशी घोडदळाची. माझ्या २२० बाहुल्यांत गुलाबी चेहरे चाळीस झाले. उरलेल्या १८० जणांना गेरू, पिवळी माती आणि चिमूटभर काळा मिसळून रंग करावा लागला. 'स्किन'ची बाटली आजही अर्धी भरलेली आहे. गेरूच्या तीन संपल्या.

त्या मोहिमेत वेलस्लीबरोबर म्हैसूरचे स्वार होते, आणि पेशव्यांच्या वतीने बापू गोखल्यांचे मराठे स्वारही होते. हेच बापू गोखले पंधरा वर्षांनी पेशव्यांचे सेनापती म्हणून इंग्रजांशी लढताना अष्टीला पडले. स्टीव्हन्सनच्या हाताखाली होती ती निजामाच्या मुलखातली तैनाती फौज. इंग्रज फौज हे शब्द मी शाळेत शंभरदा उच्चारले असतील. त्यांचा रंग तपकिरी होता, हे मला ब्रश हाती घेईपर्यंत दिसले नव्हते.

भोसल्यांचा शिपाई कसा दिसत होता?

इंग्रजांच्या बाजूचे काम सोपे होते, कारण त्यांच्या गुंड्या मोजून ठेवलेल्या आहेत. ७४ व्या पलटणीच्या लाल डगल्याची कॉलर आणि कफ पांढरे, ७८ व्या पलटणीचे पिवळसर बदामी, ९४ चे हिरवे. मद्रासी शिपायाचा आखूड लाल डगला, गुडघ्याच्या वर संपणारी पांढरी चड्डी, पायांत चपला. लढाईतले ठार आणि जखमी पलटणवार मोजलेले, गोरे वेगळे, देशी वेगळे, सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास. कंपनीच्या तक्त्यांत मेलेल्या घोड्यांनाही रकाना असतो.

भोसल्यांच्या बाजूला आलो आणि हात थांबला.

पहिला मोह बाजारातल्या मावळ्याचा होता. डोक्याला पागोटे, हातात ढाल-तलवार, कमरेला शेला, खांद्यावर भगवा. पण तो मावळा १६५०-८० चा. अडगाव १८०३ चे. मधे सव्वाशे वर्षे आहेत. १८५७ चा शिपाई म्हणून आजचा जवान दाखवला तर आपण हसू. मराठी शिपायाच्या बाबतीत मात्र आपण एकाच साच्यावर समाधान मानतो.

दुसरा आधार वेलस्लीच्या कागदांचा. गाविलगड लढवला तो बेनीसिंग या सरदाराने. त्याच्याजवळ राजपूत होते आणि अडगावहून निसटलेल्या त्याच्या कवायती पायदळाचा मोठा भाग होता. त्यांच्या हातांत कंपनीच्या बनावटीच्या बंदुका आणि संगिनी होत्या, असे वेलस्लीने लिहिले आहे. म्हणजे भोसल्यांच्या पायदळाचा एक भाग ढाल-तलवारीचा नव्हताच. तो रांगेत उभा राहून, हुकमावर बंदूक झाडणारा पगारी शिपाई होता, समोरच्या मद्रासी शिपायासारखाच.

तिसरा आधार ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकाचा. १८०९ मध्ये तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये छापली गेली, त्यांत एका देशी चित्रकाराच्या चित्रांवरून केलेली रंगीत पाने आहेत. छावणी कशी दिसे, अंगरखे किती लांब, पागोटी कशी बांधलेली, हे त्यांत दिसते. चित्रकाराने डोळ्यांनी पाहिलेले आहे, हे एका चित्रकाराला लगेच कळते.

या तीन आधारांवरून मी जुळवाजुळव केली. कवायती पलटणींसाठी मद्रासी शिपायांच्याच बाहुल्या घेतल्या, पट्टे आणि डोक्यावरचे बदलले. अरबांच्या बाहुल्या तयार मिळाल्या. राजपूत आणि जुन्या वळणाचे पायदळ मात्र खोक्यांत नव्हते, ते घरी केले: आत तांब्याची बारीक तार, वर एम-सील. नळ गळू लागला की आपण लावतो तेच. दोन पट्ट्या मळल्या की पाऊण तास मऊ राहते, तेवढ्यात दाभणाने चुण्या काढायच्या. पागोट्याचे पीळ काढायला दाभणासारखे हत्यार नाही. बायको म्हणाली, ''नळ गळून राह्यला तिकडं, आन् तुमी एम-सील भोसल्यायले लावून राह्यले!''

रंग देताना मी एक नियम केला. कवायती पलटणींना एकसारखे डगले, बाकीच्यांना नाही. घरून आणलेला अंगरखा, एकाचा मळकट पांढरा, दुसऱ्याचा मंजिष्ठी, तिसऱ्याचा नीळ दिलेला. रंग तेवढेच, जेवढे त्या काळच्या रंगाऱ्याच्या पिंपात होते: आल, नीळ, हळद, हिरडा. आलीचा लाल इंग्रजी डगल्याच्या लालाहून जरा विटकरी असतो. टेबलाच्या दोन टोकांना दोन लाल समोरासमोर उभे राहिले तेव्हा तो फरक दुरूनही दिसत होता.

तळपट्टीची माती

प्रत्येक बाहुलीखाली एक गोल तळपट्टी असते. विलायती रीत म्हणजे तपकिरी वाळू आणि वर हिरवेगार बनावट गवत. ते मद्रासी शिपायाच्या पायाखाली विचित्र दिसू लागले. मी सरळ अडगावला गेलो. धुऱ्यावर उभे राहून एका शेतकऱ्याला विचारले आणि पिशवीभर काळी माती आणली. त्याने कारण विचारले. लढाईसाठी म्हटल्यावर तो थोडा वेळ माझ्याकडे पाहतच राहिला.

माती उन्हात वाळवून, तलम फडक्यातून गाळून, फेव्हिकॉलमध्ये कालवली. वाळली तशी तिला भेगा पडल्या. आपल्या काळ्या मातीचा हा गुणच: भिजली की फुगते, वाळली की फाटते. इंचभर शिपायाच्या पायाखाली त्या भेगा अगदी प्रमाणात बसल्या. रंगाने हे मला कधी साधले नसते.

मग पीक. नोव्हेंबरअखेर म्हणजे वऱ्हाडात जुनी उंच ज्वारी अजून उभी असण्याचे दिवस. केरसुणीच्या काड्या कापून, टोकाला रवा चिकटवून मी ज्वारीची दोन शेते केली. ती टेबलावर ठेवली आणि लढाईची एक गोष्ट मला डोळ्यांनी कळली. ज्वारी पुरुषभर उंच असते. वेलस्लीला बुरुजावर का चढावे लागले, हे सांगायला त्यानंतर पुस्तकाची गरज उरली नाही.

खेळ

गेल्या उन्हाळ्यात मी आणि नातू ही लढाई तीनदा खेळलो. नियमात प्रत्येक तुकडीला हिमतीचा आकडा असतो. तोफेचा मार बसला की दोन फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की तुकडी मागे पळते. पहिल्या खेळात सिरसोलीपाशी माझ्या दोन मद्रासी पलटणी उधळल्या. दुसऱ्या खेळात एकही नाही. तिसऱ्यात तीन, आणि वेलस्लीची बाहुली पोचायच्या आत शिंद्यांचे स्वार त्यांवर येऊन पडले. नातू जिंकला. भोसले जिंकले. तो टेबलाभोवती नाचला.

मला त्या निकालाने बरे वाटले, हे कबूल करतो. इतिहासाच्या पुस्तकात लढाई वाचताना निकाल आधीच ठाऊक असतो. म्हणून पराभूत माणसे पहिल्या ओळीपासून पराभूतच वाटतात. टेबलावर तसे नसते. दुपारी चार वाजता, तोफा सुरू झाल्या आणि समोरच्या पलटणी पळताना दिसल्या तेव्हा, मन्याबापूच्या गोलंदाजांना आपण जिंकतो आहोत असेच वाटले असणार.

पण 'आपले कोणते' हा प्रश्न शिल्लकच होता, आणि नातू तो विसरला नव्हता. तेव्हा मी त्याला कागदावर मांडून दाखवले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाकडे गेला. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, तरी निजामाचा उठला नाही. एकाच गावातून दोघेही वसूल नेत. याला दोअमली म्हणत. १८०३ मध्ये अडगावच्या पाटलाचे एक धनी भोसले मैदानात तोफा लावून उभे होते, आणि दुसऱ्या धन्याची तैनाती फौज समोरून चालून येत होती. पुढे दुसरा धनी एकटा उरला. १८५३ मध्ये त्याने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. सारा भरणारा मात्र तोच.

''मग तो कुठं हाये?'' नातवाने विचारले.

''कोण?''

''सारा भरणारा. टेबलावर त नाही दिसत.''

खरेच नव्हता. साडेचारशे बाहुल्यांत एकही माणूस असा नव्हता जो लढाईच्या आदल्या दिवशी त्या गावात होता. शिपाई विकणाऱ्यांच्या यादीत तो मिळत नाही. सिरसोलीची घरे मी केली होती, पुठ्ठ्याची, मातीने लिंपून. गोऱ्या सेनापतीला आडोसा म्हणून. आत कोण राहते, हे माझ्या मनात आले नव्हते.

पोळ्याला आणलेला कुंभाराचा एक लहानसा मातीचा बैल घरात होता. दुसरा जोडीला एम-सीलचा केला. मग एक माणूस: धोतर, उघडे अंग, डोक्याला मुंडासे. एक बाई, कडेवर पोर. रंगवायला दीड तासाच्या जागी चार तास लागले, कारण यांच्यासाठी कुठलाही तक्ता नव्हता आणि सर्व तपशील मला घरचाच माहीत होता: आजोबांच्या धोतराचा काचा, आजीच्या लुगड्याचा विटका काठ. गुंड्या मोजायच्या नव्हत्या, गुंड्या नव्हत्याच.

नातवाने ती माणसे ज्वारीच्या दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावर ठेवली. तोफा आणि पलटणी यांच्या बरोबर मधे. मग नियमांचे पुस्तक चाळून म्हणाला, ''आबाजी, यांची चाल किती इंच?''

पुस्तकात त्यांची चाल नव्हती. फासे टाकण्याआधी आम्ही बसून एक नवा नियम लिहिला: पहिल्या तोफेच्या आधी गावकऱ्यांना तीन चाली मिळतील, आणि ती माणसे टेबलाच्या कडेला पोचेपर्यंत कोणत्याही बाजूने गोळा टाकायचा नाही. बैलांना इंच कमी दिले, कारण बैल पळत नाहीत. दोनदा आम्ही तो नियम पाळून खेळलो. दोन्ही वेळा खेळ सुरू व्हायला पाऊण तास उशीर झाला.

यंदाच्या दिवाळीला अमरावतीला नातवाच्या अंगणात गाविलगड उभा राहतो आहे. दगड त्याने गोळा केले आहेत. मी एम-सीलच्या चार पट्ट्या आणि उरलेली काळी माती घेऊन निघालो आहे. महाराजांचे सिंहासन नेहमीप्रमाणे वर असेल, त्यात बदल होणार नाही. बेनीसिंगाची बाहुली तयार आहे. गडावर राहणाऱ्या माणसांचे काय करायचे, हे नातवाने विचारून ठेवले आहे.